भुईरिंगणीची ओळख

फाल्गुनाच्या सुमारास माण, खटाव, आटपाडी व जत या अवर्षणाच्या टापूंत बांधावरचें गवत करपून जातें व मुरमाड जमिनीवर हिरवें असें फार थोडें उरतें. अशा वेळीं वाटेच्या कडेस जमिनीला चिकटून पसरलेलें एक कांटेरी झुडूप जांभळ्या फुलांनीं भरलेलें दिसतें. हीच भुईरिंगणी, वैद्यांची कंटकारी. पीकपाहणीच्या निमित्तानें असे बांध आम्ही वर्षानुवर्षें तुडविले. परंतु तक्त्यांत जिला रकाना नाहीं तिच्याकडे आमचें लक्ष गेलें नाहीं. पुढें खोकल्याच्या काढ्यासाठीं मुळें हवीं झालीं, तेव्हां केवळ फूल पाहून आम्हीं तीं खणून आणलीं आणि वैद्यांनीं परत केलीं. तीं डोरलीचीं होतीं.

ही चूक सहज होण्याजोगी आहे. दोन्ही वनस्पति वांग्याच्या वर्गांतल्या असून दोहोंचें फूल वांग्याच्या फुलासारखेंच, मध्यें पिवळे पुंकेसर असलेलें असतें. लघुपंचमूळांत कंटकारी व बृहती म्हणजे डोरली या दोन्ही येतात. पण एकीच्या जागीं दुसरी चालत नाहीं. मुळें विकणाऱ्यानें हें विशेष लक्षांत ठेवावें.

म्हणून फुलावर न जातां झाडाची ठेवण पाहावी. रिंगणी भुईवर पसरते. तिचे कांटे सरळ, पिवळे, पुष्कळदां अर्ध्या इंचाहूनही लांब असून पानाच्या दोन्ही अंगांस असतात. फळ हिरवें, पांढऱ्या रेघांचें, व पिकल्यावर पिवळें होतें. डोरली उभी वाढते. तिचे कांटे बुडाशीं रुंद व बहुधा वांकडे, आणि फळें वाटाण्याएवढीं असतात.

तिसरी एक वनस्पति मात्र घातक आहे. ती अमेरिकेंतून आलेली असून तामिळनाडूंत कोइमतूरकडे शेतांत माजली आहे. फूल तसेंच जांभळें. कोंवळ्या फळावरही रेघा असतात. परंतु झाड उभें, पानें रुपेरी व कांटे बारीक. ती जनावरांस विषारी आहे, आणि नांगरानें मुळाचे तुकडे झाले कीं प्रत्येक तुकडा फुटतो. रुपेरी पानाचें रोप आढळल्यास त्यावर नांगर न घालतां तें मुळासकट खणून जाळावें व कृषि अधिकाऱ्यांस कळवावें.

आपल्या रिंगणीचा असा धाक बाळगण्याचें कारण नाहीं. तिचे पराग पुंकेसरांच्या टोकाच्या छिद्रांतून पडतात. भुंगा गुणगुणत हादरा देतो तेव्हां ते मोकळे होतात. वांग्याच्या फुलाचीही रचना हीच. ऐन रखरखाटांत भुंग्यांस पराग पुरविणारी ही वनस्पति पडीक बांधावर राहूं द्यावी. वांग्याच्या मळ्यालगत मात्र ती नसावी. कारण वांग्याच्या किडी तिच्या रानटी भाऊबंदांवरही पोसतात.

तात्पर्य, खुरपें घालण्यापूर्वीं क्षणभर खालीं बसून पान व कांटा पाहावा. फूल तिघींचें सारखेंच आहे.