हात लागला तिथेच शोधा

प्लग बदलायच्या आधी गाडी नीट चालत होती आणि बदलल्यावर इंजिन मिस मारायला लागलं, तर पेट्रोल, पंप, सेन्सर यांच्या मागे लागू नये. आपला हात जिथे जिथे लागला तेवढंच आधी तपासावं. उमेळ्यातल्या एका अंगणात पावसाळ्याच्या तोंडावर मी हे काम अगदी जवळ उभं राहून पाहिलं, आणि ही पद्धत मला पुरती पटली.

गाडी शेजारच्या काकांची. तीन सिलिंडरची, प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल. प्लग काकांनी स्वतःच बदलले होते. गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली, उभ्या उभ्या आवाजही बरा होता. पण नायगावच्या पुलावर चढताना ती झटके द्यायला लागली, पिकअप गेला आणि इंजिनचा पिवळा दिवा लागला.

मेकॅनिक आला. तिशीतला मुलगा. बॉनेटला हात लावण्याआधी त्याने विचारलं, "काका, काय काय खोललं होतं तुम्ही?"

काकांनी सांगितलं: एअर फिल्टरचा डबा, त्याचा पाइप, कॉइलच्या वायरींचे तीन कपलर, तीन कॉइल, तीन प्लग.

"मग भानगड एवढ्यातच आहे," तो म्हणाला, आणि शेवटी बसवलेल्या वस्तूपासून उलटा सुरू झाला.

आधी हवेचा पाइप. तो किंवा त्याला जोडलेली बारीक नळी सुटी राहिली, तर इंजिन मापाबाहेरची हवा ओढतं आणि रेस आपोआप वर-खाली होते. तिथे सगळं घट्ट होतं. मग कपलर. प्रत्येक दाबला की 'टक' असा आवाज यायला हवा. नुसता सरकवलेला कपलर गाडी हलली की सुटतो. उमेळ्यासारख्या खाडीकाठच्या, मिठागरांच्या शेजारच्या गावात हवेत खार असतो, त्यामुळे पिनांवर हिरवट थर चढलाय का तेही त्याने उजेडात धरून पाहिलं. पिना स्वच्छ निघाल्या.

मग त्याने स्कॅनर लावला. कोड आला पी ०३०२, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटत नाही. आता जो तो लगेच नवी कॉइल आणायला धावतो. याने तसं केलं नाही. दुसऱ्याची कॉइल पहिल्यावर घातली, पहिल्याची दुसऱ्यावर, कोड पुसला आणि काकांना शेजारी बसवून पुलापर्यंत फेरी मारून आला. कोड पुन्हा पी ०३०२च. कॉइल हलली, पण दोष हलला नाही. म्हणजे कॉइल निर्दोष. एक पैसा खर्च न करता मोठा खर्च टळला. या कामातला हा सर्वांत देखणा भाग, असं मला वाटतं.

इंजिन निवल्यावर दुसरा प्लग बाहेर आला. पांढऱ्या चिनी मातीच्या भागावर केसाएवढी काळी रेघ होती. फिलर गेज लावलं तर गॅपही बाकी दोघांपेक्षा कमी. "हा पडला होता का?" बसवताना लादीवर पडला होता, काकांना आठवलं.

उभी गाडी बरी आणि चढावर झटके, याचं कारण त्या रेघेत होतं. प्लगला हजारो व्होल्ट लागतात, आणि सिलिंडरमधला दाब जितका जास्त तितके ठिणगी उडवायला व्होल्टही जास्त. उभ्या गाडीत दाब कमी, म्हणून ठिणगी गॅपमध्येच उडते. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की दाब वाढतो, करंटला गॅप ओलांडण्यापेक्षा तडा सोपा पडतो आणि तो तिथूनच हेडमध्ये पळतो. तीनपैकी एक सिलिंडर गेला म्हणजे ताकदीचा तिसरा हिस्सा गेला, गाडी थरथरणारच. चार सिलिंडरवाल्याला हे इतकं जाणवत नाही.

नवा प्लग बसवणं मी मुद्दाम बघत राहिलो. जुना प्लग काढण्याआधीच त्याने प्लगच्या खळग्यात फुंकणीने हवा मारली होती, कारण तिथली माती किंवा पावसाचं पाणी प्लग निघताच थेट सिलिंडरमध्ये उतरतं. आता नव्या प्लगच्या टोकावर रबरी नळीचा तुकडा अडकवून तो नुसत्या बोटांनी फिरवत खाली नेला. प्लग वाकडा लागला तर नळी निसटते, आटे वाचतात. हेड ॲल्युमिनियमचं, तिथे पान्याची जबरदस्ती झाली तर आटे जातात आणि दीडशे-दोनशे रुपयांच्या प्लगपायी हेड लेथवर न्यावं लागतं. प्लग हाताने टेकला, मग पान्याने अर्ध्या फेरीच्या किंचित पुढे. वॉशर असलेल्या नव्या प्लगला एवढं पुरतं. निमुळत्या बैठकीच्या, बिनवॉशरच्या प्लगला फेरीचा सोळावा भागच. आट्यांना ग्रीस त्याने लावलं नाही. ग्रीसमुळे पाना हलका फिरतो आणि प्लग गरजेपेक्षा जास्त आवळला जातो.

जुन्या कार्ब्युरेटरच्या मारुती ८००मध्ये आणखी एक जागा तपासावी लागते. तिथे डिस्ट्रिब्युटरमधून प्लगकडे वायरी जातात आणि फायरिंग ऑर्डर १-३-२ असते. दोन वायरींची अदलाबदल झाली तर गाडी फटफटते किंवा सुरूच होत नाही. म्हणून एका वेळी एकच वायर काढावी.

पुलावर गाडी सरळ चढली. दिवा पुन्हा लागला नाही.

वाचकांना दोन विनंत्या. इंजिनचा दिवा नुसता लागलेला नसून लुकलुकत असेल, तर गाडी पुढे दामटू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो निकामी होतो. त्याची किंमत प्लगच्या कित्येक पट आहे. आणि मेकॅनिककडे जाल तेव्हा प्लग स्वतः बदललेत हे आधीच सांगा, काय काय खोललं ते क्रमाने सांगा, आणि काढलेले जुने प्लग सिलिंडरचा नंबर लिहून सोबत न्या.