१, ३, ३, १ : द्विपद विस्तार आणि वृत्तांचे गण

गणिताच्या उत्तरपत्रिकांत एक चूक वर्षानुवर्षे आढळते. (अ + ब) चा वर्ग विचारला की विद्यार्थी अ² + ब² लिहून मोकळा होतो. अ = ३ व ब = २ घेतल्यास ही चूक उघडी पडते. ५ चा वर्ग २५. परंतु ९ आणि ४ यांची बेरीज १३. उरलेले १२ कोठे गेले? ५ एकक बाजूचा चौरस ३ आणि २ अशा भागांत आडवा-उभा छेदला, तर दोन लहान चौरसांखेरीज ३ × २ चे दोन आयतही मिळतात. '२अब' हे पद म्हणजे तेच दोन आयत.

घातांक ३ असेल, तर (अ + ब) हा कंस तीनदा मांडावा लागतो. प्रत्येक कंसातून अ किंवा ब यांपैकी एकच अक्षर उचलायचे, हा या गुणाकाराचा अर्थ. तिन्ही वेळा अ उचलण्याची रीत एकच. दोनदा अ आणि एकदा ब उचलण्याच्या रीती तीन : अअब, अबअ, बअअ. म्हणून अ²ब चा सहगुणक ३. संपूर्ण विस्तार अ³ + ३अ²ब + ३अब² + ब³ असा होतो.

'यमाताराजभानसलगं' पाठ केलेल्या मराठी वाचकाला ही मोजणी अपरिचित नाही. तीन अक्षरी गणात प्रत्येक अक्षर लघू किंवा गुरू असते. तिन्ही गुरू असलेला गण एकच, म. दोन गुरू असलेले य, र, त. एक गुरू असलेले ज, भ, स. आणि सर्व लघू असलेला न. म्हणजेच १, ३, ३, १.

हा योगायोग नव्हे. दोन्हीकडे निवडीच मोजल्या जातात. पिंगलाच्या छंदःशास्त्रावर १०व्या शतकात भाष्य लिहिणाऱ्या हलायुधाने या संख्यांची 'मेरुप्रस्तार' ही त्रिकोणी मांडणी विशद केली. प्रत्येक ओळीच्या टोकांना १, आणि मधली प्रत्येक संख्या म्हणजे तिच्या वरील दोन शेजारी संख्यांची बेरीज. त्यामुळे पुढील ओळ १, ४, ६, ४, १ अशी येते. फ्रेंच गणिती ब्लेझ पास्कल याचा या त्रिकोणावरील ग्रंथ १६६५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पाठ्यपुस्तकांत त्याचेच नाव रूढ झाले.

उत्तर पडताळण्याची खूणही यातच आहे. अ व ब दोन्ही १ मानल्यास वर्गाच्या सहगुणकांची बेरीज ४, घनाच्या ८ आणि चौथ्या घाताच्या १६ आली पाहिजे. अ² + ब² मध्ये ती केवळ २ भरते, आणि चूक तेथेच सापडते.