श्रमिकच शिक्षक

कामगार संघटनेच्या प्रतिनिधीला व्यवस्थापनासमोर बसून बोलावे लागते. कायद्याची कलमे मुखोद्गत असली, तरी समोरून आकडे मांडले जाऊ लागले की जीभ अडखळते. आणि त्याची किंमत अनेक घरांना मोजावी लागते.

भारत सरकारने १९५८ साली केंद्रीय श्रमिक शिक्षण मंडळ या नावाने स्थापन केलेल्या संस्थेचे मुख्यालय नागपूरला होते व रायपूर येथेही तिचे प्रादेशिक कार्यालय होते. तिच्या मूळ योजनेचे मर्म असे, की संघटनेने निवडलेला कामगार प्रशिक्षण घेऊन ‘श्रमिक शिक्षक’ होतो व आपल्याच कारखान्यात वर्ग चालवतो.

अशा वर्गात व्याख्यानापेक्षा सहभागाला महत्त्व असते. समजा, रायपूरजवळच्या सिलतरा येथील पोलाद कारखान्यात भट्टीवरील कामगारांच्या विश्रांतीचा प्रश्न आहे. प्रशिक्षणार्थींचा एक गट व्यवस्थापक होतो, दुसरा प्रतिनिधी. वाटाघाटी रंगतात. गंमत अशी, की मागणीतील कच्चे दुवे व्यवस्थापक झालेल्या कामगारालाच आधी दिसतात. ‘नोंद कुठे आहे?’ असे तो विचारतो, आणि समोरचा गट निरुत्तर होतो. मग नोंद कशी ठेवावी, यावर चर्चा सुरू होते. धग कोणत्या पाळीत असह्य होते, हे मात्र कोणत्याच पुस्तकात नसते. ते भट्टीवरचा कामगार सांगतो व शिक्षक फळ्यावर लिहून घेतो.