भिंतीची ओल आणि घरातला खोकला

पावसाळ्यात भाकरी दोन-तीन दिवस झाकून ठेवली, तर तिच्यावर पांढरी-हिरवी लव येते. तिला आपण बुरशी म्हणतो. अशीच बुरशी भिंतीवर, पेटीतल्या कपड्यांवर, गोधडीवरही येते. भिंतीवर काळे ठिपके दिसतात. खोलीला कुबट वास येतो. "पावसाळा आहे, चालायचंच," असे आपण म्हणतो. पण तसे म्हणून भागत नाही.

बुरशी सजीव आहे. तिची बीजे इतकी बारीक असतात, की डोळ्यांना दिसत नाहीत. ती हवेत सगळीकडे असतात. त्यांना रुजायला ओल लागते. ओल मिळाली, की एक-दोन दिवसांत ती रुजू लागतात.

ही बीजे श्वासाबरोबर नाकात व छातीत जातात. कोणाला शिंका येतात, कोणाचे डोळे चुरचुरतात, कोणाला खोकला येतो. दमेकऱ्याला धाप लागते. लहान मुलांना व म्हाताऱ्या माणसांना त्रास अधिक. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली हेच सांगितले. ओलसर, बुरशीच्या घरात राहणाऱ्यांना खोकला व दमा यांचा त्रास जास्त होतो.

पुष्कळ आया म्हणतात, "गुरुजी, पोराला पावसाळा बाधतो." बाई, पोराचं अंथरूण कुठं आहे ते आधी पाहा. ओल्या भिंतीला लागून असेल, तर आजच हलवा.

आता ही ओल येते कोठून? कौल फुटले, छपर गळले, जमिनीतून पाणी वर चढले, तर भिंत ओली होते. हे सर्वांना ठाऊक आहे. पण ओल घरातूनही येते. तांब्यात गार पाणी भरून ठेवा. थोड्या वेळाने तांब्याला बाहेरून थेंब येतात. तांब्या गळत नाही. हवेतली वाफ गार तांब्याला लागून तिचे पाणी होते. थंडीच्या पहाटे पत्र्यावरून थेंब पडतात, तेही असेच. पाऊस नसतो, पत्राही फुटलेला नसतो. भाताची वाफ, आंघोळीची वाफ, वलणीवरचे ओले कपडे, माणसांचा श्वास, हे सारे गार पत्र्यावर व भिंतीवर पाणी होऊन बसते.

जुन्या कौलारू घरात वाफ कौलांच्या फटींतून निघून जाई. आता स्लॅबची घरे झाली. घर पक्के झाले, पण खिडकी बंद ठेवली, तर वाफ आतच कोंडते.

ओल कोठली, हे ओळखायची एक युक्ती आहे. ओल्या जागी प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी घट्ट चिकटवा. दोन दिवसांनी पाहा. थेंब खोलीकडच्या बाजूला असतील, तर ती घरातली वाफ. भिंतीकडच्या बाजूला असतील, तर पाणी भिंतीतून येते. मग गळती शोधून बुजवा.

वाफेसाठी पैसे लागत नाहीत. स्वयंपाक करताना खिडकी उघडी ठेवा. कपडे पडवीत वाळवा. पेटी, कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. ऊन पडले, की अंथरुणे उन्हात टाका.

आलेली बुरशी कोरडी झाडू नका. झाडली, की बीजे घरभर उडतात. नाकाला फडके बांधा. साबणाच्या पाण्याने पुसा व जागा कोरडी करा. दमेकऱ्याला हे काम देऊ नका. बुरशीवर नुसता रंग मारला, तर ती पुन्हा वर येते. ओल गेली, तरच ती जाते.

एक गोष्ट मात्र विसरू नका. प्रत्येक खोकला बुरशीचा नसतो. खोकला दोन आठवडे राहिला, तर सरकारी दवाखान्यात बेडका तपासून घ्या. क्षयाची तपासणी तेथे फुकट होते.