कोष्टकातली नवी ओळ



आज एका लहान दिसणाऱ्या कामाविषयी बोलावयाचे आहे. काम इतकेच, की नोंदवहीत एक नवी ओळ भरायची. शाळेत नवे मूल आले, गुरुजींनी दाखल रजिस्टरात ओळ लिहिली. सोसायटीत नवा सभासद आला, सेक्रेटरींनी ओळ लिहिली. घरातला कर्ता माणूस गेला, तलाठ्यांनी फेरफाराच्या वहीत ओळ लिहिली. यातल्या पुष्कळ वह्या आता संगणकात गेल्या आहेत. तलाठ्यांनाही आता सरकारी कागदात ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. गाव मात्र अजून तलाठीच म्हणते. वही बदलली, हुद्दा बदलला, पण ओळ राहिली आणि ती भरण्याचे नियमही राहिले. ते नियम कोणते, आणि सारे नियम पाळूनही चूक कोठे राहू शकते, ते आपण पाहू.

संगणकातल्या अशा वहीला आपण कोष्टक म्हणू. उभ्या रकान्यांत माहितीचे प्रकार असतात: नाव, तारीख, क्षेत्र, हिस्सा. आडवी ओळ म्हणजे एक नोंद. एडगर कॉड नावाचे एक गणिती आय.बी.एम. कंपनीत काम करीत. त्यांनी 1970 साली एक निबंध लिहून या कोष्टकांचे शास्त्र मांडले. साध्या भाषेत सांगायचे, तर सगळी माहिती एकाच लांबलचक वहीत कोंबू नका. एकेका विषयाचे वेगळे कोष्टक करा, आणि एका कोष्टकातला क्रमांक दुसऱ्यात लिहून दोहोंचा संबंध जोडा. बँकेची खाती, रेल्वेची तिकिटे, विजेची बिले आज बहुतेक याच रीतीने ठेवलेली असतात.

हे ज्ञान विलायती वाटेल. पण आपल्या महसुलाच्या दप्तराला ही रीत अनोळखी नव्हती. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा 1903 साली झाला. तेव्हापासून वाढत आलेले गावनमुने पाहा. गाव नमुना 6 म्हणजे फेरफाराची वही. नमुना 7 मध्ये जमिनीवरचे हक्क आणि नमुना 12 मध्ये पिके. या दोहोंचा मिळून आपला सातबारा होतो. नमुना 8-अ मध्ये एकेका खातेदाराची सारी जमीन. या वह्या वेगवेगळ्या, पण भूमापन क्रमांक, खाते क्रमांक आणि फेरफार क्रमांक यांनी एकमेकींना बांधलेल्या. कोष्टकांचा संबंध म्हणतात तो हाच.

आता करंजाचे उदाहरण घेऊ. उरणजवळचे हे खाडीकाठचे कोळ्यांचे गाव. पूर्वी उरणच्या साऱ्या बेटालाच करंजा बेट म्हणत, आणि उरण हा पनवेल तालुक्याचा पेटा होता. पुढे उरण स्वतंत्र तालुका झाला आणि 1981 साली कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. म्हणून कागद जुना असेल तर त्यावर तालुका पनवेल, जिल्हा कुलाबा असेही आढळेल. त्याने गोंधळून जाऊ नये. जमीन ओळखायची ती गाव आणि भूमापन क्रमांक यांवरून.

समजा, या गावातले एक आजोबा वारले. जमीन त्यांनी स्वतः खरेदी केलेली. मृत्युपत्र केलेले नाही. त्यांची आई पूर्वीच वारलेली. मागे आजी, दोन मुलगे आणि धरमतरच्या खाडीपलीकडे रेवसच्या बाजूला दिलेली एक मुलगी. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे या चौघांचा वाटा सारखा, म्हणजे प्रत्येकी चार आणे. आता ही नोंद करावयाची आहे.

कोष्टकात ओळ घालण्याची आज्ञा संगणकाला ठरावीक शब्दांत द्यावी लागते. 'इन्सर्ट इंटू' म्हणायचे, कोष्टकाचे नाव सांगायचे, मग रकान्यांची नावे, मग 'व्हॅल्यूज' म्हणून त्याच क्रमाने त्या त्या रकान्यातली माहिती. कार्यालयातला माणूस हे शब्द लिहीत नाही. तो पडद्यावरचा फॉर्म भरतो आणि आज्ञा आतून दिली जाते. पण नियम तेच.

पहिला नियम, ज्याचे त्याने आपल्या घरात बसावे. तारखेच्या रकान्यात नाव लिहिले तर यंत्र ते परत करील. पण क्षेत्र आणि आकार, म्हणजे साऱ्याची रक्कम, हे दोन्ही आकडेच. त्यांची अदलाबदल झाली तर यंत्राला ते कळेलच असे नाही. म्हणून रकान्यांची नावे सांगून मगच माहिती द्यावी. नुसत्या क्रमावर विसंबू नये.

दुसरा नियम, प्रत्येक ओळीला स्वतःचा क्रमांक हवा आणि तो दुसऱ्या कोणाचा असू नये. एका गावात एकाच नावाचे चार जण असतात; क्रमांक मात्र एकाचा एकच. ई-फेरफारात हा क्रमांक संगणकच देतो. तोच क्रमांक पुढे सातबाऱ्यावर नावाशेजारी दिसतो, आणि हे नाव येथे कसे आले ते त्यावरून शोधता येते.

तिसरा नियम रिकाम्या रकान्याचा. काही रकाने भरल्यावाचून ओळ घेतलीच जात नाही. काही रिकामे चालतात. पण रिकामे म्हणजे शून्य नव्हे. हिस्सा शून्य लिहिला, तर वाटा नाही असा अर्थ झाला. रिकामा ठेवला, तर वाटा किती ते लिहिलेले नाही इतकाच अर्थ. शिक्षकांना हा भेद सहज पटेल. परीक्षेत शून्य मिळालेला मुलगा आणि परीक्षेला न बसलेला मुलगा एक नव्हेत.

चौथा नियम, ज्याचा आधार घ्यायचा ते आधी असले पाहिजे. भूमापन क्रमांकच गावात नसेल, तर त्यावर वारसाचे नाव लावता येणार नाही. आधी खाते, मग त्या खात्याचा क्रमांक उताऱ्यावर.

पाचवा नियम, काम पुरे तरी व्हावे, नाहीतर मुळीच होऊ नये. चार वारसांच्या चार ओळी भरताना दोन भरल्या आणि वीज गेली, तर दोनच वारस दप्तरात राहतील. म्हणून चांगल्या व्यवस्थेत चारही ओळी एक गठ्ठा मानतात. सगळ्या बसल्या तरच कायम होतात, एरवी सगळ्या मागे घेतल्या जातात. आणखी एक चांगली रीत जुन्या दप्तरातलीच आहे. नवे नाव आले म्हणून आजोबांचे नाव खरवडून काढत नाहीत. त्याला कंस करतात आणि नव्या नावापुढे फेरफार क्रमांक लिहितात. कालचा मालक कोण होता हे त्यामुळे उद्याही वाचता येते.

आता मुख्य मुद्दा ऐका. समजा, अर्जात दोघा मुलग्यांची आणि आजीचीच नावे दिली. कोणी विचारलेच, तर उत्तर तयार: "ती सासरी गेली, तिचं काय एवढं?" यंत्राच्या बाजूने पाहिले तर तीन ओळी बरोबर आहेत. क्रमांक बरोबर, तारीख बरोबर, खाते बरोबर. एकही नियम मोडलेला नाही. पण चौथी ओळ नाही. आणि जी ओळ भरलीच नाही तिच्याविषयी कोष्टक काय बोलणार? ओळ नीट भरली आहे का, हे यंत्र तपासते. ती खरी आहे का आणि सगळ्या ओळी आल्या का, हे माणसांनीच तपासायचे असते.

म्हणूनच 1966 च्या जमीन महसूल संहितेत माणसांच्या तपासणीची सोय आहे. हक्क मिळाला की तीन महिन्यांच्या आत तलाठ्यांना कळवावे. तलाठी फेरफाराची नोंद घालतात, तिची प्रत चावडीवर लागते आणि संबंधितांना नोटीस जाते. हरकत घ्यायला पंधरा दिवसांची मुदत असते. हरकत आली, तर ती तक्रारी नोंदवहीत चढते आणि अधिकारी दोन्ही बाजू ऐकून निर्णय देतात. हरकत नसेल, तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. मगच सातबारा बदलतो.

नोंदीने मालकी जन्माला येत नाही, हे खरे. मालकी कायद्याने, खरेदीने, वारशाने येते. पण प्रमाणित झालेली नोंद खोटी ठरेपर्यंत खरी मानली जाते, आणि ती खोटी ठरविण्याचा भार गाळलेल्या माणसावर पडतो. या भागातल्या लोकांना त्याचा अर्थ निराळा सांगावयास नको. 1970 नंतर नवी मुंबईसाठी पनवेल, उरण आणि ठाणे तालुक्यांतल्या जमिनी घेतल्या गेल्या. 1984 साली जासईच्या परिसरातल्या आंदोलनात पाच जणांचे प्राण गेले. पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे धोरण आले. अशा वेळी नोटीस, मोबदला आणि भूखंड दप्तरातल्या नावाचा माग काढीत येतात. ज्याचे नाव नाही, त्याला वारसाचे दाखले घेऊन आपला संबंध सिद्ध करीत बसावे लागते. एका ओळीची किंमत तेव्हा कळते.

तर मंडळी, करायचे काय? घरात मृत्यू झाला तर दुःख ओसरल्यावर वारसाचा अर्ज तीन महिन्यांच्या आत द्या. अर्जात सर्व वारसांची नावे लिहा, सासरी गेलेल्या लेकींचीही. अर्जाची पोच घ्या. नोटीस आली तर ती वाचून घेतल्यावाचून सही करू नका. घरची माणसे समुद्रावर गेली असतील, तर चावडीवरचा कागद मागे राहिलेल्यांनी पाहावा. नोंद प्रमाणित झाली की सातबारा आणि 8-अ दोन्ही काढा आणि नावे, हिस्से, क्षेत्र पडताळून पाहा. चूक दिसली तर लगेच लेखी कळवा. अपिलालाही मुदत असते.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. फळ्यावर दोन कोष्टके काढा, एक घरांचे आणि एक माणसांचे. प्रत्येक घराला क्रमांक द्या आणि माणसांच्या कोष्टकात तो लिहायला लावा. मग मुलांना एकेक ओळ भरू द्या. क्रमांक दोनदा आला, नसलेल्या घराचा क्रमांक पडला, रकाना रिकामा राहिला, की वर्गच ओरडून सांगेल. शेवटी एक प्रश्न विचारा: "या घरातलं कोण राहिलं?" या प्रश्नाचे उत्तर फळ्यावर सापडत नाही, त्यासाठी घर ठाऊक असावे लागते. संगणकाचा हा धडा मुले घरी नेतील, आणि कदाचित एखाद्या घरातली राहिलेली ओळ त्यामुळे भरली जाईल.