२९५ वी जर्मन पायदळ डिव्हिजन : एका लष्करी अहवालाच्या प्रकाशात

प्रस्तावना :

दुसऱ्या महायुद्धाचा इतिहास महाविद्यालयीन स्तरावर शिकविताना आपण सामान्यतः सेनापती, मोहिमा आणि परिषदा यांच्या आधाराने पुढे जातो. सैन्याचा प्रत्यक्ष व्यवहार ज्या पातळीवर चालतो ती डिव्हिजनची पातळी मात्र दुर्लक्षित राहते. वास्तविक जर्मन भूदलात डिव्हिजन हा स्वयंपूर्ण असा घटक होता. तीन पायदळ रेजिमेंट, एक तोफखाना रेजिमेंट, अभियंते, संदेशवहन, इस्पितळे, धर्मगुरू आणि कागदपत्रे सांभाळणारे स्वतःचे कार्यालय असा तिचा संसार असे. शिवाय तोफा व गाड्या ओढणारे हजारो घोडे. यांत्रिक युद्धाच्या चित्रपटांतून हे घोडे बहुधा गाळले जातात. प्रस्तुत लेखात अशाच एका फारशा प्रसिद्ध नसलेल्या डिव्हिजनचा, म्हणजे २९५ व्या पायदळ डिव्हिजनचा विचार केला आहे. तिने जिंकलेल्या वा हरलेल्या लढायांपेक्षा ऑगस्ट १९४१ मध्ये तिच्या कार्यालयातून बाहेर पडलेला एक अहवाल इतिहासाच्या अभ्यासकाला अधिक महत्त्वाचा वाटतो. हत्याकांडे केवळ एस.एस.ने केली, नियमित सैन्याचे हात स्वच्छ होते, या दीर्घकाळ रूढ असलेल्या समजाची कसोटी या अहवालात पाहावयास मिळते.

स्थापना आणि पूर्व आघाडी :

२९५ वी डिव्हिजन १९४० च्या आरंभी उभारण्यात आली. ५१६, ५१७ व ५१८ या तिच्या पायदळ रेजिमेंट होत. जून १९४१ मध्ये सोव्हिएत संघावर आक्रमण झाले तेव्हा ती दक्षिणेकडील सेनासमूहात होती. डिव्हिजनचा प्रमुख जनरल हर्बर्ट गाइटनर हा होता. मोहिमांची आखणी पाहणारा पहिला जनरल स्टाफ अधिकारी, ज्याला जर्मन लष्करी परिभाषेत 'आय-ए' म्हणत, तो लेफ्टनंट कर्नल हेल्मुट ग्रोसकुर्ट.

ग्रोसकुर्ट हा साधा स्टाफ अधिकारी नव्हता. अॅडमिरल कानारिस यांच्या लष्करी गुप्तहेर खात्यात त्याने काम केले होते आणि १९३८-३९ मध्ये हिटलरविरोधी कटाच्या वर्तुळात तो वावरला होता. पोलंडमधील अत्याचारांविषयी जनरल ब्लास्कोविट्झ याने लिहिलेले निवेदन त्याने पश्चिम आघाडीवरील सेनाधिकाऱ्यांना दाखविले. त्यानंतर १९४० मध्ये त्याची मुख्यालयातून उचलबांगडी होऊन पायदळात रवानगी झाली. डिव्हिजनच्या कार्यालयात तो पोहोचला तो या वाटेने.

जुलै १९४१ च्या पहिल्या आठवड्यात डिव्हिजन पश्चिम युक्रेनमधील झोलोचिव येथे होती. सोव्हिएत गुप्त पोलिसांनी माघार घेताना तेथील तुरुंगातील कैद्यांना ठार केले होते. ती प्रेते उकरून काढण्याचे काम शहरातील ज्यूंकडून करवून घेऊन तेथेच त्यांची कत्तल चालू होती. स्थानिक युक्रेनियन जमाव आणि एस.एस.च्या 'वायकिंग' डिव्हिजनचे सैनिक त्यात सामील होते. ग्रोसकुर्टने आणि रेजिमेंटप्रमुख कर्नल ओटो कोर्फेस याने हस्तक्षेप करून ती कत्तल थांबविली. तोपर्यंत शेकडो लोक मारले गेले होते. तरीही एक गोष्ट येथे ध्यानात घ्यावी लागते. जागेवरच्या लष्करी अधिकाऱ्याने ठरविले तर हत्या थांबू शकत होती.

बिला त्सेर्कवा :

ऑगस्टमध्ये डिव्हिजन कीव्हच्या दक्षिणेस सुमारे ८० किलोमीटरवरील बिला त्सेर्कवा या गावी आली. हा भाग फील्डमार्शल वाल्टर फॉन रायखेनाऊ याच्या सहाव्या आर्मीच्या अखत्यारीत होता. पाउल ब्लोबेल याच्या सोंडरकमांडो ४-ए या एस.एस. पथकाने गावातील ज्यू स्त्रीपुरुषांना गोळ्या घालून मारले होते. त्यांची मुले एका इमारतीत कोंडून ठेवलेली होती. त्यांपैकी काही मुलांना ट्रकमधून नेऊन ठार करण्यात आले; सुमारे ९० मुले उरली. त्यांत तान्ही बाळे होती, आणि मोठ्यांत मोठी मुले सहा-सात वर्षांची.

जवळपास मुक्कामाला असलेल्या सैनिकांना रात्रभर रडणे ऐकू येत होते. त्यांनी ही गोष्ट लष्करी इस्पितळाच्या दोन धर्मगुरूंना सांगितली. त्या दोघांनी आत जाऊन पाहिले आणि २९५ व्या डिव्हिजनच्या धर्मगुरूंना कळविले. २० ऑगस्ट रोजी ही तक्रार ग्रोसकुर्टपर्यंत आली. तो स्वतः त्या घरात गेला. मुलांना अन्नपाणी नव्हते, खोल्या घाणीने भरल्या होत्या आणि काही मुले भिंतीचा गिलावा खरवडून खात होती, असे त्याने नोंदविले आहे.

त्यानंतरचा घटनाक्रम प्रशासनाच्या अभ्यासकानेही बारकाईने पाहावा असा आहे. ग्रोसकुर्टने प्रथम स्थानिक लष्करी कमांडंट रीडल याच्याकडे विचारणा केली. मुलांना मारणे आवश्यक आहे, असे रीडलचे मत पडले. मग ग्रोसकुर्टने सेनासमूहाच्या मुख्यालयाशी संपर्क साधला. तेथून सहाव्या आर्मीकडे बोट दाखविण्यात आले. आर्मीचा निर्णय येईपर्यंत त्याने मुलांना नेण्याचे काम थोपवून धरले. निर्णय आला तो रायखेनाऊचा : एकदा सुरू झालेली कारवाई योग्य रीतीने पूर्ण करण्यात यावी. २१ ऑगस्टला बैठक झाली. तीत ब्लोबेल व त्याचा अधिकारी आउगुस्ट हेफ्नर यांच्याबरोबर लष्कराचे अधिकारीही होते. २२ ऑगस्ट रोजी मुलांना मारण्यात आले. गोळ्या युक्रेनियन मिलिशियाच्या लोकांनी झाडल्या. देखरेख हेफ्नरची होती. खड्डा लष्कराने आधीच खणून ठेवला होता, अशी साक्ष हेफ्नरने पुढे दिली.

तात्पर्य, मारेकरी एस.एस.चे होते, परंतु थांबवावे की पुढे चालू ठेवावे, हा प्रश्न लष्कराच्या अधिकारसाखळीतून वर गेला आणि त्याचे उत्तर लष्करानेच दिले. ब्लोबेल व रायखेनाऊ यांच्यात या प्रकरणी मतभेद झाल्याचे आढळत नाही.

अहवालाचे वाचन :

ग्रोसकुर्टचा अहवाल २१ ऑगस्ट १९४१ चा आहे. स्त्रिया व मुले यांच्यावरील ही कृत्ये शत्रूच्या क्रौर्याहून काडीमात्र वेगळी नाहीत, असे त्यात लिहिले आहे. सैनिकांच्या शिस्तीवर होणारा परिणाम हा त्यातील दुसरा मुद्दा. आपल्या सैनिकांना वरिष्ठांकडून सभ्य वर्तनाची शिकवण मिळालेली आहे आणि ते आता हे पाहून प्रश्न विचारीत आहेत, असा त्याचा आशय आहे. रायखेनाऊला हे झोंबले. २६ ऑगस्टच्या शेऱ्यात त्याने ही तुलना चुकीची व अत्यंत अनुचित ठरविली आणि हा अहवाल लिहिलाच गेला नसता तर बरे झाले असते, असे सुनावले.

परंतु अहवालाचा शेवट वाचकाला अस्वस्थ करतो. मोठ्यांना मारल्यानंतर मुलांचा प्रश्न उरणारच होता, म्हणून ही अमानुष यातना टाळावयाची तर त्यांना तेव्हाच संपवावयास हवे होते, अशा अर्थाचे विधान त्यात आहे. हे ग्रोसकुर्टचे मत होते की वरिष्ठांना कळेल अशा भाषेत केलेला उपरोधिक युक्तिवाद, याविषयी एकवाक्यता होणे कठीण आहे. प्रस्तुत लेखकास दोन्ही शक्यता पूर्णतः समाधानकारक वाटत नाहीत. ज्या माणसाने दोन दिवस ट्रक अडवून धरला त्याला मुलांचा मृत्यू हवा होता, असे म्हणवत नाही. मात्र आक्षेप घेण्यासाठी त्याच्याजवळ उरलेली भाषा शिस्त, कार्यपद्धती आणि सोय यांचीच होती, हे अहवालात स्पष्ट दिसते. वयस्कांच्या हत्येला त्यात थेट आव्हान नाही.

त्यानंतर १० ऑक्टोबर १९४१ रोजी रायखेनाऊने आपला कुप्रसिद्ध आदेश काढला. ज्यूंना द्यावयाचे कठोर 'प्रायश्चित्त' सैनिकांनी समजून घेतले पाहिजे, असे त्यात बजावले होते. ग्रोसकुर्टच्या अहवालातील सैनिकांच्या प्रश्नाला मिळालेले हे उत्तरच म्हणावे लागेल.

स्टालिनग्राड आणि नंतर :

पुढील हकिकत थोडक्यात सांगता येईल. सप्टेंबर १९४२ मध्ये डिव्हिजन स्टालिनग्राडच्या मामायेव टेकडीवरील लढाईत होती. नोव्हेंबरमध्ये वेढा पडला. त्याच सुमारास कोर्फेस तिचा प्रमुख झाला आणि जानेवारी १९४३ अखेर तो कैद झाला. डिव्हिजन नष्ट झाली. ग्रोसकुर्ट तोपर्यंत ११ व्या कोअरचा चीफ ऑफ स्टाफ होता. ही कोअर २ फेब्रुवारीला सर्वांत शेवटी शरण आली. एप्रिल १९४३ मध्ये तो कैदेत टायफसने मरण पावला. कोर्फेस कैदेत असताना हिटलरविरोधी 'जर्मन अधिकारी संघा'त सामील झाला व १९४८ मध्ये पूर्व जर्मनीत परतला. २९५ हा क्रमांक मात्र रिकामा ठेवला गेला नाही. त्याच नावाची नवी डिव्हिजन उभारून नॉर्वेत किनारारक्षणास ठेवण्यात आली. युद्ध संपेपर्यंत ती तेथेच होती.

युद्धोत्तर स्मृती :

न्युरेंबर्ग न्यायाधिकरणाने १९४६ मध्ये जनरल स्टाफला गुन्हेगारी संघटना घोषित केले नाही. सेनानींवरील त्याचे ताशेरे कडक होते, परंतु लोकांच्या लक्षात राहिली ती पहिली बाब. शीतयुद्धात पश्चिम जर्मनीला सैन्य हवे होते. माजी जनरलांच्या आठवणींतून शौर्य आले, डावपेच आले. बिला त्सेर्कवा आले नाही. हेफ्नरला डार्मस्टाट येथील खटल्यात १९६८ मध्ये शिक्षा झाली. १९७० मध्ये ग्रोसकुर्टच्या रोजनिशा हेल्मुट क्राउस्निक व हॅरोल्ड डॉइच यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाल्या आणि त्यांच्या परिशिष्टात हे अहवाल छापले गेले. तरीही सर्वसामान्य जर्मन नागरिकांत या विषयाची खळबळ उडाली ती १९९५ मध्ये, हॅम्बुर्गच्या सामाजिक संशोधन संस्थेने वेहरमाख्टच्या गुन्ह्यांविषयीचे प्रदर्शन भरविल्यावर. त्यातील एक भाग सहाव्या आर्मीच्या स्टालिनग्राडपर्यंतच्या वाटचालीचा होता. काही छायाचित्रांच्या ओळखीविषयी रास्त आक्षेप आल्याने १९९९ मध्ये प्रदर्शन थांबविण्यात आले आणि २००१ मध्ये नव्या मांडणीसह पुन्हा खुले झाले. नव्या मांडणीत छायाचित्रांची संख्या कमी करण्यात आली आणि लेखी दस्तऐवजांना अधिक जागा देण्यात आली.