नित्य पाप आणि पवित्रता : ख्रिस्ती परिभाषेचा एक विचार

मराठीत ‘पाप’ हा शब्द प्रायः मोजमापाच्या सोबतीने येतो. पाप पदरी पडते, त्याचा घडा भरतो, ते फेडावे लागते, आणि पुण्याशी त्याचा हिशेब मांडला जातो. घडा भरेपर्यंत एका थेंबाला फारसे महत्त्व नसते, हे या रूपकात गृहीतच आहे. त्यामुळे खून, चोरी, व्यभिचार यांपैकी काहीही न केलेला गृहस्थ ‘मी असे कोणते पाप केले आहे?’ असे विचारतो, तेव्हा तो प्रश्न मराठी कानाला रास्त वाटतो. ख्रिस्ती धर्मविचारात मात्र रागाच्या भरात बोललेला शब्द, शेजाऱ्याच्या उत्कर्षाने मनात उठलेली असूया, चहाडी, सोयीपुरते सांगितलेले अर्धसत्य या सर्वांना पाप हेच नाव आहे. असे का, याचा उलगडा मूळ परिभाषेकडे वळल्यावाचून होत नाही.

जुन्या करारातील पापवाचक शब्दांपैकी सर्वांत अधिक आढळणारे शब्द ‘हाटा’ या हिब्रू धातूपासून आले आहेत. या धातूचा लौकिक अर्थ ‘नेम चुकणे’ असा असून त्याचा एक बोलका प्रयोग शास्ते या ग्रंथाच्या विसाव्या अध्यायात आहे. बन्यामीन वंशातील सातशे डावखुरे गोफणवाले केसावर नेम धरीत आणि तो चुकत नसे, असे तेथे म्हटले आहे. ‘चुकणे’ यासाठी तेथे हाच धातू योजला आहे. नव्या करारातील ‘हामार्तिया’ हा ग्रीक शब्दही याच जातीचा; होमरच्या काव्यात याच्या क्रियापदाने भाल्याचा नेम चुकणे दर्शविले जाते. नेम चुकण्यात थोडे आणि फार हा भेद असतो खरा. पण केसभर चुकलेला दगडही लागलेला नसतोच. तथापि येथे सावध राहिले पाहिजे. व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे, हे जेम्स बार यांनी १९६१ साली बायबलच्या भाषेवरील आपल्या ग्रंथात धर्मशास्त्रज्ञांना परखडपणे बजावले. म्हणून केवळ धातूवर सिद्धान्त उभारता येणार नाही. प्रयोग पाहिले पाहिजेत.

‘पवित्र’ या शब्दाच्या बाबतीत तर प्रयोगांचे साहाय्य फारच आवश्यक आहे. संस्कृत ‘पू’ म्हणजे शुद्ध करणे. त्यामुळे मराठी ‘पवित्र’भोवती जल, दर्भ, तीर्थ, सोवळे यांचे वलय राहते आणि त्याच्या उलट बाजूस ‘विटाळ’ उभा असतो. हिब्रू ‘कादोश’ या शब्दालाही विधिशुद्धीची संगत आहेच. पण ईश्वराचे म्हणून वेगळे राखलेले, ही त्यातील प्रधान कल्पना होय. लेवीय या ग्रंथाचा एकोणिसावा अध्याय या दृष्टीने अवश्य पाहावा. ईश्वर पवित्र आहे, म्हणून लोकांनीही पवित्र व्हावे, अशी आज्ञा आरंभी येते. पुढे यज्ञबलीचे नियम आहेतच. परंतु त्यांच्याच पंक्तीला शेताच्या कडेचे पीक गरिबांसाठी सोडावे, मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नये, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नये, चहाड्या करीत हिंडू नये, वजने आणि मापे खरी असावीत, हे नियमही आहेत. पवित्रता देवळाच्या गाभाऱ्यात आहे तितकीच ती वाण्याच्या तराजूतही आहे. मजुरी एक रात्र अडकवून ठेवणारा मनुष्य लोकदृष्टीने गुन्हेगार नसेल. या अध्यायाच्या दृष्टीने तो पवित्रतेचा भंग करणारा आहे.

नव्या करारात हाच मुद्दा अधिक तीव्र होतो. करिंथ येथील मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आरंभी पौल तिच्या सभासदांना पवित्र केलेले असे म्हणतो. मूळ ग्रीक रूप पूर्णकालवाचक कर्मणि धातुसाधित आहे, म्हणजे क्रिया घडून गेलेली असून तिचा परिणाम टिकून आहे. आणि हे लोक कसे? त्यांच्यात तट पडले आहेत, ते एकमेकांस न्यायालयात खेचीत आहेत, प्रभुभोजनासाठी जमले असता एक उपाशी राहतो आणि दुसरा मद्याने धुंद होतो. पौल त्यांचे ‘पवित्र’ हे नाव काढून घेत नाही. उलट त्या नावाच्या बळावरच त्यांचे दोष त्यांच्या पदरात घालतो. याउलट इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात पवित्रतेच्या पाठीस लागा अशी वर्तमानकालीन, म्हणजे चालू ठेवावयाची, आज्ञा आहे. तेथील क्रियापद पाठलाग आणि छळ यांसाठीही वापरले जाते, इतके ते जोरकस आहे. मराठी बायबलात या ठिकाणी आलेला ‘पवित्रीकरण’ हा शब्द कानाला जड असला तरी त्यातील ‘करण’ प्रक्रियेचे भान राखते, हा त्याचा गुणच म्हणावा लागेल.

आता एक शंका उभी राहते. सर्वच पाप असेल तर लहानमोठे असा भेद उरतो काय? योहानाच्या पहिल्या पत्रात सर्व अनीती पाप आहे असे सांगून लगेच मरणास कारण न होणारेही पाप असते, असे म्हटले आहे. पाश्चात्त्य चर्चने या आधारे प्राणघातक आणि क्षम्य असा भेद रूढ केला. त्यातील ‘क्षम्य’साठी योजलेले लॅटिन विशेषण ‘वेनिया’ म्हणजे क्षमा या शब्दापासून आले आहे. ‘क्षुल्लक’ असा त्याचा अर्थ नव्हे, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५५१ साली क्षम्य पापांचा पापनिवेदनात उच्चार अनिवार्य नसला तरी हितकर असल्याचे ठरविले. प्रॉटेस्टंट सुधारकांना ही वर्गवारी मान्य नव्हती. ल्यूथरच्या १५१७ मधील प्रबंधसूत्रांपैकी पहिलेच सूत्र श्रद्धावानाचे सारे आयुष्य पश्चात्तापाचे असावे या आशयाचे आहे. पक्ष भिन्न असले तरी नित्य दोषांना नित्य उपाय हवा याविषयी त्यांच्यात मतभेद नाही. ऑगस्टीनने तो उपाय प्रभूच्या प्रार्थनेत पाहिला. मत्तयाच्या पाठात रोजच्या भाकरीची मागणी झाल्यावर ‘आणि’ या अव्ययाने जोडून ऋणमोचनाची मागणी येते. लूकच्या पाठात ‘ऋणां’च्या जागी ‘पापे’ आहेत. भाकर जितकी रोजची, तितकीच क्षमाही.

उपायाची पद्धती घडविण्यात इग्नेशियस लोयोलाचे स्थान मोठे आहे. १५४८ साली पोपची मान्यता मिळालेल्या त्याच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथात एकच दोष निवडून दिवसातून दोनदा आत्मपरीक्षण करावे, दोष घडला तितकी टिंबे त्या दिवसाच्या ओळीवर मांडावीत आणि आजची ओळ कालच्या ओळीशी ताडून पाहावी, असे सांगितले आहे. गोमंतकातील साष्टीत वावरलेला आणि १६१६ साली रायतूर येथे ‘क्रिस्तपुराण’ छापणारा फादर थॉमस स्टीफन्स याच संघाचा होता, म्हणजे मराठीचा आद्य ख्रिस्ती महाकवी याच शिस्तीत वाढला. पुढे इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली याने १७३८ साली छोट्या गटांसाठी नियम केले. मागील भेटीनंतर हातून कोणती ज्ञात पापे घडली, हा प्रश्न तेथे प्रत्येकाला विचारला जाई. टिंबांच्या वहीपेक्षा हा मार्ग कठीण. वही उलट प्रश्न विचारीत नाही.

या साधनेचा धोका परंपरेला ठाऊक होता. संन्यासी असताना ल्यूथर पापनिवेदनात तासन्‌तास घालवी आणि तरीही त्यास शांती मिळत नसे. अशा अतिरिक्त शंकाकुलतेस लॅटिनमध्ये ‘स्क्रुपुलुस’ म्हणतात. मूळ अर्थ टोकदार लहानसा खडा. वहाणेत अडकलेला खडा पायाला टोचत राहतो, चालू देत नाही. इग्नेशियस स्वतः या पीडेतून गेला होता, आणि त्याच ग्रंथात तो सांगतो की, ज्याचे मन जाड झाले आहे त्याने ते सूक्ष्म करावे आणि ज्याचे अतिसूक्ष्म झाले आहे त्याने मध्यावर स्थिर व्हावे. या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. ‘पापभीरू’ येथे उपयोगी पडत नाही, कारण मराठीत ती स्तुती आहे. आणि ‘सोवळेपणा’ म्हटले की खडा पायात न राहता दुसऱ्याच्या अंगावर जाऊन पडतो.